सुकाणीअण्णांची मोटार आणि माझे पिवळे दिवे

कोकणात लोक समुद्र बघायला जातात, देवाला जातात, आणि आमच्या कोल्हापूरचे तर नुसते मासे खायला जातात. मी गेले ती एका मोटारीला दिवे लावायला. पिशवीत दोन साड्या, सोल्डरिंगचं सामान, वायरचं भेंडोळं आणि डब्यात कापसावर ठेवलेले एलईडी, असा माझा सरंजाम. शेजारच्या वहिनींनी डब्यात डोकावून विचारलं, "मंगलताई, तिकडं खडीसाखर मिळत नाही होय?"

झालं असं की माझी वसतिगृहातली मैत्रीण लता बुरोंडीला प्राथमिक शाळेत शिकवते. तिचे वडील अण्णा. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर सुकाणी होते, म्हणजे जहाजाचं चाक यांच्या हातात. निवृत्तीआधीच त्यांनी रत्नागिरीच्या एका डॉक्टरांकडून पन्नासच्या दशकातली इंग्लिश मोटार घेतली आणि तेव्हापासून तिला जिवापाड जपलं. लताचा फोन आला तो रडवेला होता. "विनायक गाडी विकतोय. तू आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतेस ना? मग ये आणि काहीतरी कर."

विनायक तिचा धाकटा भाऊ, मुंबईत नोकरीला. आदल्या पावसाळ्यात पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्यांवर पाय घसरून अण्णांचा उजवा खांदा कायमचा आखडला. स्टिअरिंग धरता येई, पण खिडकीबाहेर हात काढून वळण दाखवता येत नसे. गणपतीत दापोलीच्या नाक्यावर ते तसेच उजवीकडे वळले आणि मागून येणारा मोटरसायकलवाला गाडीला घासून पडला. खरचटण्यावर निभावलं, पण विनायकने धसका घेतला. त्याने पुण्याची एक पार्टी ठरवली. सोमवारी ट्रक येऊन गाडी घेऊन जाणार होता. माझ्या हातात होता गुरुवार ते रविवार.

रत्नागिरी

आंबा घाटाबद्दल लिहीत नाही. घाटभर मी डोळे मिटून बसले होते. एसटीच्या ड्रायव्हरवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण पाहायचीही हौस नव्हती.

रत्नागिरीत उतरले ती काचांसाठी. एलईडी माझ्याकडे होते, पण ते बसवायला पिवळ्या काचा हव्या होत्या. स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात टेम्पोच्या इंडिकेटरच्या चार काचा मागितल्या.

"बल्ब किती देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"बल्ब नकोत."

त्याने काचा फडक्याने पुसल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मग काय बाय, काजवे भरणार काय आत?"

कोल्हापुरात असं कोणी बोललं असतं तर मी त्याला तिथंच धडा शिकवला असता. पण कोकणातला माणूस टोमणा मारताना चेहऱ्यावरची माशीही उडू देत नाही. भांडायला आपल्याला जागाच सापडत नाही. तीच गोष्ट स्टँडवर. दापोलीची गाडी कधी, असं चौकशीच्या खिडकीबाहेरच्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "येल की." आमच्याकडे माणूस निदान खोटी वेळ तरी सांगतो! वाट पाहताना खानावळीत जेवले. बांगड्याचं तिखलं फर्मास होतं, आणि हे मी तांबड्या रश्श्यावर वाढलेली बाई लिहिते आहे. सोलकढी मात्र मी पहिल्या घोटाला औषध समजून प्यायले आणि तिसऱ्या वाटीला वाढप्याने मला हसून घेतलं.

बुरोंडी

बुरोंडीला उतरलं की आधी सुकटीचा वास येतो आणि मग समुद्र दिसतो. जांभ्याच्या गडग्यांमधून रस्ता खाली जातो. गडगा म्हणजे चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेली भिंत. दोन्हीकडे गडगे आणि मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट, त्यामुळे वळणावर पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. विनायकची भीती मला पोहोचण्याआधीच पटायला लागली.

मोटार झावळ्यांच्या खोपीत होती. सायीच्या रंगाची, गोलमटोल, तिचे पुढचे दिवे आश्चर्य वाटल्यासारखे उघडे. अण्णा बाजूला उभे. उंच, ताठ, उजवा हात शरीराशी चिकटलेला.

"हीच काय गो ती दिवेवाली?" त्यांनी लताला विचारलं.

"हीच. कोल्हापूरची मंगल."

"लांबनं आलीस. घावणे खा आधी, मग बघ."

घावणे आणि नारळाचा रस खाऊन झाल्यावर बघितलं. या काळातल्या गाड्यांना लुकलुकणारे दिवे नसतात. दोन दारांच्या मधल्या खांबात एक छोटी दांडी लपलेली असते. कळ फिरवली की ती कोंबडीने पंख काढावा तशी बाहेर येते आणि वळण दाखवते. खाऱ्या हवेने अण्णांच्या गाडीची डावी दांडी गंजून आत अडकली होती आणि उजवी बाहेर आली की आत जायचं नाव घेत नव्हती. तिचे भाग मिळणं अशक्य. म्हणून मी पुढे दोन आणि मागे दोन असे एलईडीचे पिवळे दिवे बसवणार होते. लुकलुकण्याचं सर्किट घरीच जुळवून आणलं होतं. बाजारातला साधा फ्लॅशर बल्ब ओढतो त्या विजेच्या जोरावर चालतो, आणि एलईडी इतकी कमी वीज खातो की त्या फ्लॅशरला त्याचा पत्ताच लागत नाही.

विनायक त्याच संध्याकाळी मुंबईहून आला. तिशी ओलांडलेला, थकलेला, बोलायला सभ्य. त्याने माझे दिवे हातात घेऊन पाहिले आणि मग वडिलांसमोरच आपली अट सांगितली.

"रविवारी वेळणेश्वराला जायचं आणि परत यायचं. अण्णा चालवतील. मी मागून मोटरसायकलवर असेन, कारण मागच्याला काय दिसतं ते मला बघायचंय. एका जरी वळणाला दिवा चुकला, तर सोमवारी गाडी जाईल. मंजूर?"

"मंजूर," अण्णा म्हणाले. त्यांनी गाडीच्या टपावरून डावा हात फिरवला आणि आत निघून गेले.

शुक्रवारी सकाळी कामाला लागले. गालिच्याखालून वायरी ओढल्या, मडगार्डला भोकं पाडली, सगळं जोडलं, ऐटीत उभी राहिले आणि कळ फिरवली. काही नाही! पुन्हा फिरवली. काही नाही! मी जोड तपासले, बॅटरीला नावं ठेवली, मग खाऱ्या हवेला, मग अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याला. दुपार झाली. लताने कुळथाची पिठी आणि भात वाढला. तो मी रागाने जेवले आणि तरीही दोनदा मागून घेतला.

जेवताना मनात आलं, सकाळी मीटर लावला तेव्हा आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं होतं. आपण तारा उलट्या धरल्या असं समजून मी त्या बदलल्या आणि पुढे गेले. हात न धुताच खोपीत धावले. आजच्या गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. या म्हातारीत धन टोक जोडलेलं होतं. साध्या बल्बला त्याचं काही सोयरसुतक नसतं, पण एलईडी एकाच दिशेने वीज घेतो. उलट जोडला की मख्ख बसतो. हे मी दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून शिकवते. पोरं तिथं नव्हती हे माझं नशीब.

चारही दिवे आणि सर्किटच्या तारा उलट्या करून जोडल्या. कळ फिरवली. पिवळे धमक दिवे लुकलुकायला लागले आणि मी खोपीत एकटीच "चांगभलं!" म्हणून ओरडले. शेजारच्या दोन बायका सुकटीचे हात घेऊन धावत आल्या.

अण्णा आले, दिवे पाहिले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "दोनी बाजूला पिवळा? असां कसां?"

"कायदाच आहे तसा, अण्णा."

"दर्यावर दावा लाल, जमना हिरवा." जहाजावरच्या बोलीत दावा म्हणजे डावा आणि जमना म्हणजे उजवा. "एका रंगाचे दिवे लावलेस तर माणसाने वळखायचां कसां, आपण कुटं वळतोय?"

मी म्हटलं, "ओ अण्णा, रस्त्यावर हिरवा दिवा लावून वळलात तर मागचा तुमच्या अंगावरूनच जाईल की!" ते म्हणाले की मागच्याला अक्कल नसेल तर तो त्याचा दोष. आमचं चांगलंच वाजलं. लता मध्ये पडली म्हणून, नाहीतर मी शनिवारची एसटी पकडली असती.

शनिवारी सकाळी गावातल्या रस्त्यावर चाचणी घेतली. पहिलं वळण झकास झालं. पण वळल्यावर आपोआप बंद होणारी ही कळ नाही. हाताने बंद करावी लागते. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सर्किटची टकटक त्यांच्या कानांपर्यंत पोहोचेना. डावा दिवा लुकलुकत ठेवून ते सरळ बंदरापर्यंत गेले. एक सायकलवाला वाट सोडून गडग्याला टेकून उभा राहिला आणि शिव्या देत बसला. परत आल्यावर विनायक एवढंच म्हणाला, "ताई, दिवा नसण्यापेक्षा खोटा दिवा वाईट." तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळहळला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

अण्णा गाडीतून उतरलेच नाहीत. चाकावर हात ठेवून समोर बघत बसले. मी शेजारी जाऊन बसले आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "अण्णा, जहाजावर तुम्हाला वळायचं कोण सांगायचं?"

"साहेब हुकूम द्यायचा. सुकाण्याने तोच हुकूम मोठ्याने परत बोलायचा, मग चाक फिरवायचां. फिरवून झालां की परत सांगायचां, झालां म्हणून. जबाब दिल्याबिगर काय करायचां नाय."

जबाब! मी ताडकन उठले. अण्णांना दिवे नको नव्हते, दिव्यांकडून जबाब हवा होता. कापसाच्या डब्यातून मी तुरीच्या दाण्याएवढे दोन एलईडी काढले, एक लाल, एक हिरवा. डॅशबोर्डवर अण्णांच्या नजरेसमोर डावीकडे लाल बसवला, उजवीकडे हिरवा. त्यांची तार मी मुद्दाम मागच्या दिव्यातूनच आत आणली. मागचा दिवा लागला तरच आतला लागणार. बाहेर कायद्याचा पिवळा, आत दर्याचे रंग.

अण्णांनी कळ फिरवली. लाल दाणा लुकलुकला. "दावा," ते मोठ्याने म्हणाले. कळ बंद केली. "दावा विझला." मग हिरवा. "जमना. जमना विझला." असं त्यांनी किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "आता कसां! आता बोलते ती."

दाभोळची जेट्टी

रविवारी सकाळी निघालो. पुढे अण्णा आणि लता, मागे मी, आणि आमच्या मागे शेजाऱ्यांची मोटरसायकल मागून घेतलेला विनायक. प्रत्येक वळणाला अण्णांचा आवाज येई, "दावा", आणि वळून झालं की "दावा विझला." मी मागच्या छोट्या काचेतून विनायकचा चेहरा पाहत होते. हेल्मेटमुळे काही कळत नव्हतं.

दाभोळला रस्ता संपतो आणि खाडी लागते. पलीकडच्या धोपाव्याला मोटारी चक्क बोटीवर चढून जातात. आमच्या पंचगंगेवर पूल आहेत, त्यामुळे असलं सुख आमच्या वाट्याला नाही. लोखंडी फळीवरून गाडी चढताना मी जोतिबाला हाक मारली. अण्णा मात्र घरी आल्यासारखे चढले. गाड्या लावून घेणारा खलाशी खिडकीशी आला. त्याने डॅशबोर्डवरचे दोन दाणे पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला.

"अण्णा, बोट केलात की गाडीची!"

"मग! हिने केलान," अण्णांनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. कोकणात एवढी स्तुती वर्षातून एकदाच होते, असं लताने मला कानात सांगितलं.

वेळणेश्वराची वाट

धोपाव्यानंतर खड्डे लागले. गुहागरच्या पुढे एका चढावर डावीकडे वळायचं होतं. अण्णांनी कळ फिरवली आणि गाडी करकचून थांबवली. रस्त्याच्या मध्ये. मागून विनायकने हॉर्न वाजवला. समोरून एक टेम्पो आला, तोही थांबला.

"अण्णा, काय झालं?" लता घाबरली.

"लाल जबाब देत नाय."

विनायक उतरून खिडकीशी आला. "अण्णा, रस्त्यात असं थांबतात का? वळा ना!"

"जबाब नाय तर वळणां नाय."

टेम्पोवाल्याने मुंडी बाहेर काढून अण्णांच्या सगळ्या पूर्वजांची चौकशी केली. अण्णा ढिम्म. एका वळणाला दिवा चुकला तर गाडी जाणार, ही अट माझ्या डोक्यात घणासारखी वाजत होती. मी उतरून मागे धावले. खड्ड्यांनी डाव्या दिव्याची तार निसटली होती. गुडघे तांबड्या धुळीत टेकून ती सोलली, पिळली, चिकटपट्टी गुंडाळली. पुढून आवाज आला, "दावा!" आणि माझ्या नाकासमोर पिवळा दिवा लुकलुकला.

उठले तेव्हा विनायक माझ्यामागे उभा होता. तो दिव्याकडे नाही, गाडीच्या काचेतून वडिलांच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत होता. "दिवा बंद आहे हे मला मागून कळायच्या आधी त्यांना कळलं," तो म्हणाला. मग हेल्मेट घालून त्याने टेम्पोवाल्याची माफी मागितली. टेम्पोवाला गाडीवर खूश होऊन, ती किती सालची आहे ते विचारून गेला.

वेळणेश्वरला देवळात गारवा होता आणि बाहेर माडांखाली अख्खा किनारा मोकळा. अण्णा शंकरासमोर बराच वेळ उभे राहिले. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जेवणाला उकडीचे गरम मोदक मिळाले. मी तूप घेताना हात आखडला नाही. विनायक जेवण अर्धं टाकून टेलिफोन बूथवर गेला आणि परत येऊन गुपचूप ताटावर बसला. लताने माझ्याकडे पाहिलं.

परत

खाडी ओलांडली तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णांचं दावा-जमना चालूच होतं, एकही चुकलं नाही. दापोलीच्या अलीकडे एका फाट्यावर आम्ही वळलो आणि अण्णांनी आरशात पाहून गाडी बाजूला घेतली. वळून डाव्या हाताने काच खाली केली आणि विनायक शेजारी येईपर्यंत वाट पाहिली.

"तुजा दिवा कुटं हाय?"

विनायक गोंधळला. "मोटरसायकलचा? तो फुटलेला आहे, अण्णा. मागून आणलेली गाडी."

"मग हात?"

विनायकने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"हात धड हाय ना तुजा? मग दाखवलास का नाय वळताना?"

मला हसू आवरेना. परीक्षकच नापास! विनायकने हेल्मेट काढलं. त्याचे डोळे भरलेले होते. धुळीने असतील म्हणावं तर तसेही नव्हते. "अण्णा, मी मघाशी वेळणेश्वरातून पुण्याला फोन केला. गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं."

"ता मना ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "तू हाताचां बोल."

लता रडत हसत होती. मी सीटवर थाप मारून परत एकदा "चांगभलं!" केलं, आणि या वेळी अण्णांनीही मान डोलावली.

बुरोंडीच्या उतारावर अंधारून आलं. बंदरातल्या बोटींवर एकेक दिवा लागत होता. गडग्यांमधून घराकडे वळायची वाट उजव्या हाताला. डॅशबोर्डवरचा हिरवा दाणा जागा झाला.

"जमना," अण्णा म्हणाले.

मी मागच्या काचेतून पाहिलं. विनायकने उजवा हात सरळ बाहेर काढला होता, खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ, अण्णांना आता काढता येत नाही तसा. माझा दिवा लुकलुके तसा त्याचा तळवा पिवळा होई, विझे, पुन्हा पिवळा होई. गाडी खोपीत शिरेपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.